पीळ पडलेला कांदा

आठ दिवस लागून राहिलेला पाऊस नवव्या दिवशी उघडला, तसा गमबूट चढवून लाल कांद्यात गेलो. वावर दीड एकराचं, चांदवड तालुक्यातलं, मध्यम काळ्या मातीचं, खालच्या अंगाला जरा खोलगट. लागण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. सव्वा महिन्याच्या कांद्याची पात शिसपेन्सिलीसारखी ताठ उभी असायला हवी. खालच्या सहा-सात वाफ्यांत ती वळून, गुंडाळून, जिलबीसारखी जमिनीवर लोळत होती. माना बोटभर लांबलेल्या. धुणं पिळून टाकावं तसं एकेक रोप कोणीतरी रात्रीतून पिळून ठेवलं होतं.

माझे वडील, नाना, बांधावरूनच म्हणाले, "करपा आलाय."

आमच्याकडे पात पिवळी पडली की करपा, शेंडा वाळला की करपा, डाग दिसला की करपा, आणि नुसतं आभाळ आलं तरी आता करपा येणार. त्यामुळे नानांच्या बोलण्याने मला काही नवीन कळलं नाही. करप्यावर तोवर दोन फवारण्या होऊनही गेल्या होत्या. पहिल्या वेळी दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवला, दुकानदाराने तो बोटाने मोठा केला, मान हलवली आणि काउंटरवर चार बाटल्या मांडल्या: एक बुरशीचं, एक थ्रिप्सचं (म्हणजे फुलकिड्यांचं), एक टॉनिक आणि एक "हे पण घेऊन जा, पात काळीशार होते". चारही एकाच टाकीत. दुसऱ्या वेळी दुकान तेच, बाटल्यांचे रंग वेगळे. त्या दिवशी फवारा मारून घरी येऊन हातपाय धुतोय तोवर सर आली आणि साडेतीन हजार रुपये वाफ्यातून वाहून ओढ्याला लागले.

तिसऱ्यांदा जायच्या तयारीत होतो, पण त्याच आठवड्यात भोसरीला बहिणीच्या मुलाचं बारसं निघालं. पुणे-नाशिक रस्ता राजगुरुनगरवरूनच जातो. (नाना अजून खेडच म्हणतात, आणि कंडक्टरलाही खेडचंच तिकीट मागतात.) तिथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे हे शेतकरी मेळाव्यात ऐकलं होतं. हे केंद्र 1994 मध्ये नाशिकलाच सुरू झालं आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला गेलं. म्हटलं, बारशाला जाताना वाकडी वाट करू. नानांनी अट घातली, "उपटून नेऊ नको. खुरप्याने मातीसकट काढ. माणसाला दवाखान्यात नुसतं डोकं घेऊन नेत नाहीत." मी बारा रोपं काढली. मुळाच्या मातीला ओलं गोणपाट गुंडाळलं, पात कोरड्या वर्तमानपत्रात, आणि सगळं एका पिशवीत. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी सिन्नरपर्यंत पदर नाकाला लावून ठेवला होता. सडक्या कांद्याच्या वासाची मला सवय झाली होती, त्यांना कुठून असणार.

तिथे ज्या मॅडम भेटल्या त्यांनी आधी पिशवीत हात घालून माती चिमटीत धरून बघितली. पातीकडे नंतर. मग टेबलावर कागद पसरून बारा रोपांचे तीन ढीग केले: एकात सात, एकात तीन, एकात दोन. मला वाटलं होतं, सगळी एकाच आजाराची आहेत.

सातांच्या ढिगातली एक पात त्यांनी माझ्यासमोर धरली आणि भिंग दिलं. पातीवर फिकट पिवळट, लांबट, जरा दबलेला डाग. नुसत्या डोळ्याला तेवढंच दिसत होतं. भिंगातून पाहिलं तर त्या डागावर काळे ठिपके, सुईच्या टोकाएवढे, आणि तेही कसेही विखुरलेले नव्हते. एकात एक गोल, ठिपक्यांची रांगोळी घालायला घेतल्यासारखे. त्या ठिपक्यांत बुरशीचं बी असतं. पावसाचा थेंब आपटला की ते शिंतोड्याबरोबर शेजारच्या पातीवर उडतं. आदल्या आठ दिवसांत माझ्या वावरावर किती थेंब आपटले असतील याचा हिशोब मी करत बसलो नाही.

"आमचे वडील याला करपाच म्हणतात," मी जरा हसूनच सांगितलं.

"बरोबर म्हणतात की. हा काळा करपा. कोलेटोट्रायकम. तुमच्याकडे पीळ म्हणतात तो हाच."

म्हणजे नाना पास झाले. पुस्तकातही करपे तीन आहेत: जांभळा, तपकिरी आणि काळा. दोन रोपांच्या ढिगात जांभळा होता. पांढुरका खोलगट डाग, मधे जांभळी झाक, भोवती पिवळी कड. तो अल्टरनारियाचा. तपकिरी करपा म्हणजे स्टेम्फिलियम. तो थंडीतल्या ढगाळ हवेत, धुक्यात येतो, सप्टेंबरच्या उबाऱ्यात सहसा नाही. त्याची ओळख पुढे जानेवारीत व्हायचीच होती.

मला चटका लावून गेला तो तीन रोपांचा ढीग. त्यांच्या पातीवर डाग म्हणावा असा एकही नव्हता. फक्त शेंड्याकडून खाली पिवळेपणा उतरत आलेला. मॅडमनी त्यातलं एक रोप मुळाशी धरून हलकेच ओढलं, तर मुळं मातीत राहिली आणि कांदा हातात आला. ब्लेडने उभा चिरला. बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात ती, तांबूस तपकिरी होऊन मऊ पडलेली, आणि तिच्यावर कापसाच्या तंतूसारखी पांढरी बुरशी. ही मूळकूज, फ्युजेरियम. मातीत राहते, वर्षानुवर्षं राहते, आणि पातीवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. या तीन रोपांना मी दोन वेळा टॉनिक पाजलं होतं.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले.

"वाफे सपाट की गादीवाफे?"

"सपाट."

"पाणी किती दिवस उभं होतं?"

"खालच्या बाजूला… पाच-सहा दिवस असेल."

"युरिया?"

"तीन गोण्या. एकदमच."

"या वावरात आधी काय होतं?"

"कांदा."

"त्याआधी?"

"कांदाच."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी माझं लग्न व्हायचं होतं. पण कांदाच होता."

त्या हसल्या, पण वहीत लिहून घेतलं. मग जे सांगितलं ते औषधाबद्दल फार कमी होतं. पिळलेली पात पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे तिच्यावर खर्च करू नका. ती रोपं काढून वावराबाहेर न्या आणि पुरा. पाणी बाहेर काढा. उरलेल्या कांद्यावर पात कोरडी असताना मॅन्कोझेब, लिटरला अडीच ग्रॅम, आणि त्यात चिकटद्रव टाकाच. हे शेवटचं त्यांनी करून दाखवलं. पातीवर नळाच्या पाण्याचे चार थेंब सोडले. अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे ते गोळा होऊन खाली घरंगळले. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो. दोन फवारण्यांचं माझं औषध असंच घरंगळत जमिनीवर गेलं असणार. आमच्या दुकानदाराने चार बाटल्या दिल्या होत्या, त्यात चिकटद्रवाची एकही नव्हती.

बारशाला पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. बहीण म्हणाली, "मामा कांद्याचा वास घेऊन आलाय."

घरी आल्यावर दोन दिवस आम्ही चौघं पिळलेली रोपं काढत होतो. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. हाताला सांगावं लागतं, कारण सव्वा महिना जगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही. अर्धवट वळलेल्या रोपाशी आई हमखास थांबायची, "हे राहू दे ना, जगेल." राहू दिलेली रोपं पुढे जगली, पण मान जाडच राहिली आणि खाली कांदा धरला नाही. काढलेला ढीग आम्ही बांधावर टाकला नाही. आजवर दरवर्षी बांधावरच टाकत आलो होतो, आणि पावसाचं पाणी त्या ढिगातून पाझरून पुन्हा वावरातच यायचं, हे तोवर डोक्यात शिरलं नव्हतं. या वेळी खड्डा खणला. खालच्या अंगाने कुदळीने चर काढली. शेजारचे अण्णा बांधावरून म्हणाले, "कांद्याचं मयत करतोस काय?"

त्या दीड एकरात दिवाळीच्या मागेपुढे साधारण सत्तर क्विंटल निघाला. एरवी सव्वाशे-दीडशे निघतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बरीच होती. भाव कसा मिळाला ते इथे सांगत नाही. तो वेगळाच रोग आहे.

उन्हाळ कांद्याला वावर बदललं. वरच्या अंगाच्या या तुकड्यात दोन वर्षं मका आणि सोयाबीन होतं. उळे, म्हणजे कांद्याचं बी, घरचंच टाकलं, पण गादीवाफ्यावर, आणि बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा चोळून. ही सुद्धा बुरशीच, फक्त आपल्या बाजूची. शेणखतात मिसळून आठ दिवस सावलीत ओली ठेवली की ढिगावर हिरवट लव येते. आईने ती पाहून सगळं खत फेकून द्यायला काढलं होतं, "बुरा आलाय" म्हणून. लागणीच्या महिनाभर आधी वावराच्या चारी बाजूंनी बाहेर मक्याची ओळ आणि आत गव्हाची ओळ पेरली. थ्रिप्सला फार उडता येत नाही, तो वाऱ्यावर स्वार होऊन येतो. वाटेत मक्याची भिंत लागली की बराचसा तिथेच अडतो. लागण डिसेंबरच्या मध्याला झाली.

जानेवारीत चार दिवस दाट धुकं पडलं आणि पाचव्या दिवशी पातीच्या मध्यावर पिवळसर नारिंगी रेघा दिसल्या. हा तपकिरी करपा. या वेळी फोटो काढून दुकानात गेलो नाही. दहाची वेळ होऊन दव वाळल्यावर चिकटद्रव टाकून एकच बुरशीनाशक मारलं, पुढच्या खेपेला वेगळ्या रासायनिक गटातलं दुसरं. डाग मेले नाहीत, डाग कधीच मरत नाहीत, पण नवी पात स्वच्छ आली. इथे सांगण्यासारखं एवढंच.

थ्रिप्सने मात्र फेब्रुवारीभर जागं ठेवलं. ऊन वाढलं, हवा कोरडी झाली, की हा कीटक चढतो. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पूर्ण वाढलेला तपकिरी, पिल्लं फिकट पिवळी, आणि सगळी मंडळी बसलेली कुठे, तर मधल्या कोवळ्या पातींच्या बेचक्यात, जिथे दोन पाती एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथे खरवडून रस शोषतात आणि आपल्याला वर दिसतात ते चंदेरी पांढरे चट्टे. अंडी पातीच्या आत घातलेली, कोष मातीत. म्हणजे फवारा पडतो त्या दिवशी निम्मं घराणं फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर असतं. शिवाय माद्यांना बहुतेक वेळा नराची गरजही पडत नाही. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग ते कुठे मरतंय."

मोजायची रीत राजगुरुनगरलाच शिकून आलो होतो. वावरात तिरकं चालायचं, वीसेक रोपं निवडायची, पात फाकवून बेचक्यातले थ्रिप्स मोजायचे आणि सरासरी काढायची. रोपामागे तीसच्या आसपास गेले तर फवारा. एरवी थांबायचं. नानांनी चष्मा लावून हे काम अंगावर घेतलं, कारण माझा डोळा पाच-सहा मोजून भरकटायचा. ते प्रत्येक रोपाशी उकिडवे बसायचे, पात दोन अंगठ्यांनी उलगडायचे आणि ओठ हलवत मोजायचे. पहिल्या आठवड्यात नऊ. दुसऱ्यात चौदा. तिसऱ्यात एकवीस.

ते तीन आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. शेजारी अण्णांचा पंप दर चार दिवसांनी घुर्र करायचा. प्रत्येक आवाजासरशी वाटायचं, आपणच मूर्ख ठरतोय. बायको म्हणाली, "तुम्ही किडे मोजा, लोक कांदे मोजतील." चौथ्या आठवड्यात कडेच्या वाफ्यांत सरासरी चौतीस आली. वावराच्या मध्यावर मात्र सतरा. मग फवारलं, लिटरला एक मिली प्रोफेनोफॉस, नोझल खाली धरून, बेचक्यात पाणी उतरेल असं. तोंडाला फडकं, हातात मोजे. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून, औषधाचा गट बदलून, आणखी एकदा. संपूर्ण हंगामात थ्रिप्सच्या फवारण्या दोन झाल्या. आदल्या वर्षीची पावतीवही काढून बघितली तर सात होत्या.

सगळं आटोक्यात होतं असं समजू नका. बियाण्यासाठी कोपऱ्यात राखलेल्या डेंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांवर, मार्चमध्ये गवती रंगाचे, शंकरपाळ्याच्या आकाराचे डाग आले आणि दांडे त्याच जागी वाकून मोडायला लागले. तो विषाणू, थ्रिप्सच तो वाहून आणतात. त्याला औषध नाही. मोजणी कांद्याची केली, डेंगळ्यांकडे कोणी बघितलंच नव्हतं. घरचं उळे गेलं आणि यंदा विकत आणावं लागलं. पैसे गेले त्याहून जास्त नानांना ते लागलं. ते बी त्यांनी बारा-पंधरा वर्षं निवडून आणलेलं होतं.

एप्रिलमध्ये निम्म्या माना पडल्या तेव्हा काढणी केली. पाणी पंधरा दिवस आधीच तोडलं होतं. उपटलेला कांदा वावरातच ओळीने पसरला, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. चार दिवसांनी खांडणी, म्हणजे पात कापणं. मजूर बायका उक्ती घेतात आणि हात भराभर चालावा म्हणून मान अगदी बुडाशी छाटतात. मी विळा घेऊन त्यांच्यात बसलो आणि "दीड-दोन इंच मान ठेवा" एवढं एकच दिवसभर म्हणत राहिलो. संध्याकाळी त्यातली एक मावशी म्हणाली, "दादा, उद्या तुम्ही घरीच थांबा, आम्ही ठेवतो मान." ओल्या, आखूड मानेतून बुरशी सरळ कांद्याच्या आत उतरते. पुढे चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, कांदा वरून चांगला दिसतो आणि दाबला की मानेपाशी बोट आत जातं.

खांडून झाल्यावर दहा-बारा दिवस झाडाखाली सावलीत सुकवला आणि मग चाळीत भरला. जोड, चिरलेला, जाड मानेचा आधीच विकून टाकला. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर एका बाजूच्या थरावर काजळी आली. कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरांच्या रेषेत काळी पूड, हात लावला की बोटं दिवाळीतल्या पणतीच्या ज्योतीवर धरल्यासारखी काळी. ही अस्परजिलस. पत्र्याच्या एका फटीतून आत पाणी झिरपत होतं, बरोब्बर त्याच खाली. बाकी चाळ कोरडी होती. पत्रा बदलला, वीसेक क्रेट कांदा निवडून बाहेर काढला. मूळकुजीचे कांदे त्यात हातावर मोजण्याएवढे निघाले. नाना प्रत्येक कांदा उलटा करून अंगठ्याने बुड दाबून बघत होते. ही त्यांची जुनी सवय. लहानपणापासून मी ती बघतो, आणि ती म्हातारपणाची खोड आहे असंच मला वाटायचं.

खालच्या त्या दीड एकरात यंदा मका आहे. पुढच्या वर्षीही कांदा लावायचा नाही असं ठरवलंय. लाल कांद्याचं रोप वरच्या वावराच्या कडेला टाकलं. ती जागा एप्रिल-मेच्या उन्हात ओली करून, महिनाभर प्लॅस्टिकखाली झाकून तापवली होती. रोप आज अठरा दिवसांचं आहे. सकाळी गेलो तर एका गादीवाफ्याच्या टोकाला ताटलीएवढ्या जागेत रोपं जमिनीलगत मऊ पडून आडवी झालेली. मर. प्लॅस्टिकचं टोक तिथे वाऱ्याने उडालं होतं, ते मे महिन्यात बघितलं होतं आणि उद्या दाबू म्हणून सोडून दिलं होतं. ती ताटली मातीसकट उचलून खड्ड्यात टाकली, कडेच्या रोपांच्या बुडाशी बुरशीनाशकाचं पाणी ओतलं. आत्ता हे लिहितोय तर बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झालीय, आणि नाना छत्री घेऊन तिकडेच निघालेत.